बोरिवलीच्या जंगलातली सोपी वाट

"आम्हाला डोंगर चढायची सवय नाही. बरोबर आई आहे, तिचे गुडघे दुखतात. शिवाय सात वर्षांचं पोर आहे. नॅशनल पार्कात आम्हाला झेपेल अशी एखादी वाट आहे का?"

मुंबई-ठाण्यात हा प्रश्न अनेकांना पडतो, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: "अहो, सोपी आहे. दोन तासांत परत याल." उत्तर देणारा खोटं बोलत नसतो. तो स्वतःच्या पायांचा अनुभव सांगतो, आणि तोही ज्या दिवशी गेला होता त्या दिवसाचा. जानेवारीच्या सकाळी पंचविशीतल्या मुलानं सोपी म्हटलेली वाट मे महिन्यात दहा वाजता निघालेल्या आजींना घाम फोडते. वाटेतला एक दगडही हललेला नसतो.

तेव्हा या प्रकरणात सोप्या वाटांची नुसती यादी देऊन भागणार नाही. वाट सोपी की अवघड हे कशावरून ठरतं ते आधी एकेक करून पाहू, मग वाटांकडे वळू. उदाहरणाला बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घेऊ, कारण लोकलमधून उतरून थोडं चाललं की गाठता येईल असं एवढं मोठं जंगल देशातल्या फार थोड्या शहरांना लाभलंय.

१. शहराच्या मधोमध जंगल उरलं कसं?

उद्यानाचा नकाशा पाहिला की पहिलं आश्चर्य वाटतं ते आकाराचं. सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल, आणि ते शहराच्या टोकाला नाही. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, पूर्वेला मुलुंड, भांडुप, ईशान्येला ठाणे. तिन्ही बाजूंनी इमारती आणि मधे डोंगर.

हे जंगल टिकण्यामागचं एक मोठं कारण म्हणजे पाणी. एकोणिसाव्या शतकात मुंबईची वस्ती वाढली आणि विहिरी-तळी अपुरी पडू लागली. तेव्हा १८६० मध्ये विहार तलाव बांधून झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळानं पाणी मिळालं. १८७९ मध्ये वरच्या अंगाला तुळशी तलाव तयार झाला. तलावात पाणी यायचं तर भोवतालच्या उतारांवरून पावसाचं पाणी वाहत आलं पाहिजे. ज्या उतारांवरचं पाणी एका तलावात किंवा नदीत गोळा होतं, त्या साऱ्या जमिनीला पाणलोट क्षेत्र म्हणतात. पिण्याच्या तलावाचं पाणलोट क्षेत्र स्वच्छ राहायला हवं, म्हणून तिथं वस्ती होऊ दिली नाही आणि झाडी राहिली. तुळशी भरून वाहू लागला की ते पाणी विहारकडे जातं, विहार भरला की मिठी नदीत. दहिसर नदीही याच डोंगरांतून खाली येते.

चालणाऱ्याला यातून एक गोष्ट कळते. इथल्या बहुतेक वाटा कुठे ना कुठे ओढ्याला भेटतात. ओढा कोरडा असताना त्यातून उडी मारत जाता येतं आणि भरून वाहत असला तर वाट तिथंच संपते. हे लक्षात ठेवू, पुढे लागेल.

२. अंतर आणि चढ: घड्याळाचा हिशोब

"किती किलोमीटर?" हा आपला पहिला प्रश्न असतो. तो बरोबरच आहे, पण अपुरा आहे. दुसरा प्रश्न हवा, "चढ किती?" चढ म्हणजे सुरुवातीच्या ठिकाणापासून सगळ्यात वरच्या ठिकाणापर्यंत आपण किती मीटर उंच जातो ते. वाटेत उतार लागून पुन्हा चढावं लागलं, तर तो चढही त्यात मिळवायचा.

या दोहोंवरून वेळ काढायचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो १८९२ मध्ये मांडला. मीटर-किलोमीटरमध्ये तो असा सांगतात: दर ५ किलोमीटरला एक तास धरा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवा. म्हणजे दर १० मीटर चढाला एक मिनिट.

समजा एक वाट जाऊन-येऊन ४ किलोमीटरची आहे आणि चढ १२० मीटर. नेस्मिथच्या हिशोबानं चालायला ४८ मिनिटं आणि चढाची १२, एकूण एक तास. पण नेस्मिथ सवयीच्या, दमदार माणसाबद्दल बोलत होता. आपल्याबरोबर आई आणि मूल आहे. तेव्हा ताशी ३ किलोमीटर धरू आणि चढाला दुप्पट वेळ देऊ. चालायला ८० मिनिटं, चढाची २४, झाली १०४. शिवाय पाणी पिणं, फुलपाखरू बघणं, बुटाची नाडी बांधणं यांत आणखी एक तृतीयांश वेळ जातो. तो मिळवला की उत्तर येतं सुमारे दोन तास वीस मिनिटं.

एका तासाच्या वाटेचे असे दोन तास वीस मिनिटं होतात. यात कुणी आळशी नाही की कमजोर नाही. हिशोबाचा नियम एवढाच, की गटाचा वेग म्हणजे गटातल्या सगळ्यात हळू माणसाचा वेग.

आता चढाबद्दल बोलू. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंचीवर आहे आणि पायथ्याच्या बारी गावातून तिथं जायला आठ-नऊशे मीटर चढावं लागतं. बोरिवलीच्या उद्यानातलं सर्वांत उंच ठिकाण जांभूळमाळ, ते समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरच्या वर आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याच्या वाटा तिथवर जातही नाहीत. चढाचाच विचार केला तर हे जंगल सोपं आहे. तरीही इथं लोक दमतात, कधी कधी चक्कर येऊन बसतात. त्याचं कारण चढात नाही, हवेत आहे.

३. दमवते ती हवा

चालताना स्नायू काम करतात आणि शरीर तापतं. ही उष्णता बाहेर टाकायचा शरीराचा मुख्य उपाय म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळायला हवा. घामाची वाफ होताना ती त्वचेतली उष्णता घेऊन जाते आणि गारवा वाटतो. घाम न वाळता टपटप गळून गेला, तर शरीरातलं पाणी गेलं आणि उष्णता मात्र तिथंच राहिली.

आता पावसाळ्यात बाल्कनीतल्या दोरीवरचे कपडे आठवा. दोन दिवस झाले तरी चड्ड्या-बनियन दमट ते दमटच. हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी वाफ ती घेत नाही. आपल्या पाठीवरच्या घामाचंही तेच होतं. मुंबईच्या हवेत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते, आणि मे व ऑक्टोबरमध्ये उकाडा आणि दमटपणा दोन्ही एकत्र येतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वारा घाम वाळवतो. इथं दाट झाडीत वारा अडतो. त्यामुळे राजगड चढून आलेला गडीही बोरिवलीच्या सपाट वाटेवर ऑक्टोबरमध्ये धापा टाकताना दिसतो.

यावरून तीन सवयी लावून घ्याव्यात. चालण्याच्या दर तासाला माणशी अर्धा लिटर पाणी धरावं, उकाड्यात त्याहून जास्त. तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पीत राहावं. आणि दोन तासांहून जास्त चालायचं असेल तर पाण्याबरोबर मीठही जायला हवं. लिंबू सरबत, कोकम सरबत किंवा ओआरएसची पुडी, काहीही चालतं. घामाबरोबर क्षार जातात आणि नुसतं पाणी पिऊन ते भरून निघत नाहीत.

कुणाला डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं काही झालं तर पुढे जायचं नाही. सावलीत बसवायचं, कपडे सैल करायचे, मानेवर आणि अंगावर पाणी शिंपडायचं आणि वारा घालायचा. वारा घातला की अडलेला घाम वाळायला लागतो. बरं वाटलं तरी तिथूनच मागे फिरायचं. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी गार करत करतच ताबडतोब डॉक्टरांकडे न्यायचं.

४. पायाखाली काय आहे?

मुंबईचे डोंगर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यातून बनलेले आहेत. हा खडक कठीण असतो, पाणी सहज मुरू देत नाही. इथं वर्षाकाठी सरासरी २२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कठीण खडक, तीव्र उतार आणि छोटं पाणलोट क्षेत्र एकत्र आलं की ओढा फार लवकर फुगतो. वर डोंगरात सर आली, तर खाली ऊन असतानाही पाणी वाढू शकतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीनं काय केलं ते शहरानं पाहिलं. त्या मिठीचा उगम याच डोंगरांत आहे.

म्हणून पावसाळ्यात ओढ्याचा नियम साधा ठेवावा. पाणी गुडघ्यापर्यंत असेल, गढूळ असेल, किंवा येताना पाहिलेला एखादा दगड आता बुडालेला दिसत असेल, तर ओढा ओलांडायचा नाही. पाऊस थांबला तर छोट्या ओढ्याचं पाणी जसं चढतं तसं उतरतंही. थांबून राहणं हा पळपुटेपणा नव्हे, तोच रस्ता आहे.

दुसरी गोष्ट शेवाळं. ओल्या खडकावर हिरवट-काळा पातळ थर दिसला की तो निसरडा असणारच. कोरड्या ऋतूत याच्या उलट त्रास असतो: मुरमाड उतारावरचे सुटे खडे आणि सागाची वाळलेली मोठी पानं. पानांखाली काय आहे ते दिसत नाही आणि पाय घसरतो. चढताना एवढं जाणवत नाही. घसरायचं ते उतरताना. गुडघे दुखणाऱ्यांनाही उतारच जास्त जड जातो, कारण प्रत्येक पावलाला शरीराचं वजन गुडघ्यावर येऊन थांबतं. त्यांच्यासाठी उतरताना दोन्ही हातांत काठ्या, लहान पावलं आणि वेळेची मोकळीक एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

चप्पल-सँडलपेक्षा खाचांचा तळवा असलेले बूट बरे. ते पाय सावरतात आणि पानांखालच्या विंचू-सापापासूनही वाचवतात. या जंगलात नाग, मण्यार, घोणस आहेत, झुडपांत हिरवा चापडा आहे. दिसत नाही तिथं हात घालायचा नाही आणि दिसत नाही तिथं बसायचं नाही, एवढं पाळलं तर सापाशी गाठ पडण्याची शक्यता फार कमी होते.

५. आधी महिना, मग वाट

आतापर्यंतचं सगळं एकत्र केलं तर एक निष्कर्ष निघतो. इथं वाटेपेक्षा दिवस महत्त्वाचा. म्हणून निवडही त्याच क्रमानं करावी.

*डिसेंबर ते फेब्रुवारी.* नवख्यांसाठी हाच काळ. हवा कोरडी असते, ओढे उतरलेले, पाहुणे पक्षी आलेले. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दहापर्यंत चालणं सुखाचं असतं. सावध राहायचं ते खाजकुयलीपासून. तिच्या वेलीवर शेंगांचे घोस लटकतात आणि त्यांवरची सोनेरी-तपकिरी लव अंगाला लागली की भयंकर खाज सुटते. लागलीच तर चोळू नये. चिकटपट्टी लावून लव ओढून काढावी आणि मग धुवावं. या काळात पूर्ण बाह्यांचे कपडे बरे.

*मार्च ते मे.* झाडांची पानं गळतात, त्यामुळे सावली उरत नाही, पण पक्षी छान दिसतात. पळस, पांगारा आणि काटेसावर लालकेशरी फुलतात आणि मधासाठी पक्ष्यांची झुंबड उडते. पहाटे आत, नवाच्या आत बाहेर, असा बेत असेल तरच जावं.

*जून ते सप्टेंबर.* जंगल सर्वांत देखणं आणि सर्वांत अवघड याच काळात. नवरंग पक्षी याच दिवसांत शीळ घालतो. ज्यांना पावसात जायचंच आहे त्यांनी डांबरी रस्ता किंवा दगडी पायऱ्यांच्या वाटा घ्याव्यात, ओढ्याच्या वाटा टाळाव्यात. उतारांवर कारवीची दाट झुडपं असतात. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे करून फुलते आणि बी धरून मरते. इथं ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली, म्हणजे पुढचा बहर २०३२ च्या पावसाळ्यात. कारवीच्या सरळ काठ्या विणून वरून शेणमाती लिंपली की कुडाची भिंत होते. आदिवासी पाड्यांवरची घरं अशीच बांधत आले आहेत.

*ऑक्टोबर, नोव्हेंबर.* पाऊस गेलेला, गवत कमरेइतकं, उकाडा परत आलेला. वाटेच्या आडवी माणसाच्या तोंडाच्या उंचीला मोठमोठी सोनेरी जाळी दिसतात. ती जायंट वूड स्पायडर या कोळ्याची. हाताएवढा दिसला तरी तो माणसाच्या वाटेला जात नाही, तेव्हा जाळं न तोडता खालून वाकून जावं. गवतात गोचिडी असतात, म्हणून पँट मोज्यांत खोचावी. नोव्हेंबर सरता सरता परत सुखाचे दिवस सुरू होतात.

६. कुठली वाट कुणासाठी?

आता वाटा. सोपीपासून सुरुवात करू.

*मुख्य प्रवेशद्वारापासून आतला रस्ता.* बोरिवली पूर्वेला महामार्गाजवळच्या दारातून आत शिरलं की डांबरी रस्ता जंगलात जातो. दहिसर नदीच्या आसपासचा पहिला टप्पा जवळपास सपाट आहे. रोज सकाळी शेकडो लोक इथं फेरी मारतात, त्यात सत्तरी ओलांडलेलेही असतात. पाहिजे तिथून मागे फिरता येतं, हे या रस्त्याचं मोठं सुख. पहिल्या खेपेला हीच वाट घ्यावी आणि आपल्या गटाचा खरा वेग मोजावा. पाव तासात एक किलोमीटर झाला की वीस मिनिटं लागली, हे एकदा कळलं की दुसऱ्या भागातल्यासारखे सगळे हिशोब आपल्या पायांच्या मापानं करता येतात.

*कान्हेरी लेणी.* हाच रस्ता पुढे सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीला पोचतो. इथं बौद्ध भिक्षूंनी डोंगरात १०९ लेणी कोरली. हे काम इसवी सनाच्या आसपास सुरू होऊन हजारेक वर्षं चाललं. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. इथल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा अशा गावांतल्या दात्यांची नावं सापडतात. ही व्यापारी गावं होती, तिथल्या माणसांनी भिक्षूंसाठी लेणी आणि पाण्याची टाकी खोदून दिली.

चालणाऱ्याच्या दृष्टीनं कान्हेरीचं वैशिष्ट्य म्हणजे खडकात कोरलेल्या पायऱ्या. भिक्षूंना वर्षावासात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, इथं मुक्काम करायचा होता. म्हणून त्यांनी जिकडे तिकडे पायऱ्या, पन्हळी आणि पाण्याची टाकी, म्हणजे पोढ्या, कोरून ठेवल्या. वरच्या लेण्यांकडे जाताना चढ आहे, पण पाय ठेवायला जागा पक्की मिळते. ज्यांना लांब चालायचं नाही त्यांनी त्या दिवशी जी वाहनाची सोय असेल तिनं लेण्यांपर्यंत जावं आणि तिथंच तासभर पायऱ्यांवर फिरावं. वर सावली कमी आहे, तेव्हा सकाळची वेळ साधावी. माकडं पिशवीतल्या खाऊवर टपलेली असतात. प्लॅस्टिकची पिशवी हातात दिसली की ती खेचतात. खायचं पाठपिशवीत ठेवावं आणि त्यांना काहीही देऊ नये.

*गोरेगावचं निसर्ग शिक्षण केंद्र.* १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं हे केंद्र चित्रनगरीजवळ, उद्यानाला लागून आहे. जागा सुमारे ३३ एकर, म्हणजे वाटा छोट्या. बरोबर जाणकार असतो आणि तो थांबून थांबून दाखवतो. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ही जागा उत्तम, कारण मुलं अंतरानं कमी आणि कंटाळ्यानं जास्त थकतात. कोळ्याचं जाळं किंवा मुंग्यांचं घरटं दाखवणारं कुणी असलं की तीच मुलं दोन तास चालतात. आधी नाव नोंदवून जावं.

*येऊर.* ठाण्याच्या बाजूनं जंगलात शिरायची ही जागा. पक्षी बघणाऱ्यांची आवडती. वाटा रुंद आहेत, झाडी दाट आहे आणि चढ सौम्य. आसपास आदिवासी पाडे आहेत. आपण ज्याला ट्रेल म्हणतो तो तिथल्या माणसांचा रोजचा रस्ता असतो. त्यांच्या अंगणातून परवानगीशिवाय जाऊ नये आणि फोटोसाठी माणसांच्या तोंडावर कॅमेरा धरू नये.

*शिलोंडा.* बोरिवलीच्या बाजूची ही ओढ्याकाठची वाट फुलपाखरांसाठी आणि पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. अंतर फार नाही, पण दगडगोट्यांतून जावं लागतं, त्यामुळे तोल सांभाळता येणाऱ्यांसाठी ती सोपी आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी अवघड. वनविभागाची परवानगी आणि बरोबर वाटाड्या लागतो. पावसात धबधब्याच्या मोहानं इथं जाऊ नये. चौथ्या भागात ओढ्याचं जे सांगितलं, ते इथं तंतोतंत लागू आहे.

*नागला.* उद्यानाचा हा तुकडा वसईच्या खाडीपलीकडे, ससूनवघरच्या बाजूला आहे. इथं जंगल खाडीपर्यंत उतरतं, त्यामुळे रानातले आणि पाण्याकाठचे पक्षी एकाच सकाळी भेटतात. इथंही परवानगी काढून, माहितगारासोबतच जावं.

७. बिबट्याचं काय?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारायला मात्र संकोच वाटतो. बिबटे आहेत, आणि भरपूर आहेत. २०१८ मध्ये कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि त्याला लागून असलेल्या परिसरात ४७ बिबटे आढळले. वाटेवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बसवतात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून एकेक जनावर ओळखता येतं.

दिवसाउजेडी घोळक्यानं चालणाऱ्याला बिबट्या दिसणं हीच दुर्मीळ गोष्ट. तो मुख्यतः संध्याकाळ ते पहाट हिंडतो आणि माणसाची चाहूल लागली की बाजूला होतो. जोखीम वाढते ती तीन प्रसंगी: अंधार पडल्यावर, माणूस एकटा असताना, आणि माणूस ओणवा किंवा उकिडवा बसलेला असताना. बसलेला माणूस बिबट्याला त्याच्या नेहमीच्या सावजाएवढा दिसतो. म्हणून मुलांना मोठ्यांच्या मधे चालवायचं, आडोशाला एकट्यानं जायचं नाही आणि अंधाराच्या आत बाहेर पडायचं. समोर आलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये, मुलाला उचलून घ्यावं, उभं राहून मोठ्यानं बोलत सावकाश मागे सरावं.

जंगलाच्या कडेला टाकलेलं उरलंसुरलं अन्नही यात येतं. कचऱ्यावर भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. वडापावचा कागद आणि केळ्याची सालंसुद्धा पिशवीतून परत आणायची ती यासाठी.

८. परवानगी कशासाठी?

"आपलंच जंगल, मग विचारायचं कशाला?" असं काहींना वाटतं. राष्ट्रीय उद्यान हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतं आणि तिथं कुठं, केव्हा, किती जणांनी जायचं हे वनविभाग ठरवतो. तुळशी आणि विहारचा परिसर तर पिण्याच्या पाण्याचा आहे आणि तिथं मगरीही आहेत. तिकडे लोकांना मोकळा प्रवेश नाही.

परवानगीचा आपल्यालाही फायदा आहे. ओढा फुगलाय का, कुठल्या वाटेवर झाड पडलंय, कुठली वाट बंद आहे, हे दारावरच कळतं. आपण आत आहोत याची नोंद राहते, म्हणजे वेळेवर बाहेर आलो नाही तर कुणीतरी शोधायला निघतं. दऱ्यांत मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे ही नोंद मोलाची. घरीही कुठली वाट घेतली आणि किती वाजता परत येऊ हे सांगून निघावं. उद्यान सोमवारी बंद असतं. वेळा आणि शुल्क बदलतात, ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावं.

९. दोन कुटुंबं, दोन हिशोब

शेवटी शिकलेलं वापरून पाहू.

*पहिलं कुटुंब* आपल्या प्रश्नातलंच. गुडघे दुखणारी आई, सात वर्षांचं मूल, महिना डिसेंबर. मुख्य दारापासून रस्त्यानं दोन किलोमीटर आत आणि दोन परत, चढ २० मीटर धरू. ताशी ३ किलोमीटरनं ८० मिनिटं, चढाची ४, एकूण ८४. थांबण्यासाठी एक तृतीयांश, म्हणजे २८. एकूण ११२ मिनिटं. साडेसातला निघालं तर साडेनवाच्या आत परत. पाणी माणशी एक लिटर. हवा गार, रस्ता पक्का, कुठूनही मागे फिरता येतं. हे त्यांना नक्की जमेल.

*दुसरं कुटुंब* म्हणजे कॉलेजातली चार भावंडं, दमदार. त्यांना कान्हेरीला चालत जाऊन चालत यायचंय. अंतर साधारण १३ किलोमीटर, चढ शंभरेक मीटर धरू. ताशी ५ किलोमीटरनं १५६ मिनिटं, चढाची १०, लेणी बघायला दीड तास, विश्रांतीला ४० मिनिटं. एकूण पाच तास. साडेसातला निघाले तर साडेबारा वाजतात. डिसेंबरमध्ये हे ठीक. मे महिन्यात मात्र शेवटचे दोन तास पानगळ झालेल्या झाडांमधून, तापलेल्या डांबरावर, डोक्यावर सूर्य घेऊन चालायचं. पाय साथ देतील, घाम देणार नाही. तेव्हा त्यांनी एका बाजूचं अंतर वाहनानं जावं किंवा डिसेंबरपर्यंत थांबावं.

गंमत अशी की मे महिन्यातल्या या दमदार चौघांपेक्षा डिसेंबरातल्या आजींची सकाळ सोपी ठरते. तेव्हा पुढच्या वेळी कुणी "वाट सोपी आहे का?" असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी त्याला चार गोष्टी विचारा. महिना कुठला? निघणार किती वाजता? बरोबर सगळ्यात हळू चालणारं कोण? आणि वाटेत ओढा आहे का? या चारांची उत्तरं मिळाली की बाकीचं काम कागद-पेन्सिलीचं आहे.